एक पान, दोन फॉर्म आणि मालनकाकू

एका पानावर दोन फॉर्म ठेवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान अंबरपेठच्या आमच्या मराठी मंडळात मी तसं ठणकावून सांगितलं होतं. समोर अध्यक्ष हिम्मतराव होते आणि शेजारी त्यांची मुलगी त्रिवेणी. तिला मागणी घालायचा विचार मी सहा महिने करत होतो. मंडळाची वेबसाइट करून घरच्यांवर छाप पाडली की विचारायचंच, असं ठरवलं होतं.

पानावर वर वधू-नोंदणी, खाली पुरणपोळी स्पर्धा. दोन्हींत नाव आणि फोन, बस्स! रविवारी सकाळी पान सुरू केलं. दुपारी हिम्मतरावांचा फोन!

"अरे कौस्तुभ, आमच्या मालनला स्थळं येऊ लागलीत!"

मालनकाकू म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. वय बासष्ट! पुरणपोळी स्पर्धा त्यांनीच भरवलेली आणि स्वतःचंही नाव घातलेलं.

लॅपटॉप घेऊन धावलो. दोन्ही फॉर्म एकाच ठिकाणी येत होते आणि कोणतं बटण दाबलंय, हे माझा प्रोग्रॅम विचारतच नव्हता. जो येईल तो वरच्या फॉर्मचा! वधूंची यादी आपोआप वरपक्षांना जायची, त्यामुळे पुरणपोळीवाल्या एकतीस बायका वधू होऊन मुलांच्या घरोघरी पोचल्या होत्या.

"काकू, पाच मिनिटांत दुरुस्त करतो!"

"कर बेटा सावकाश. परेशान नक्को होऊ," म्हणत काकूंनी दोन कानांना दोन फोन लावले. "कशासाठी केला फोन? स्पर्धेसाठी? मग तवा घरून आणा. हौ, तुम्ही कशासाठी? स्थळासाठी? माझं झालंय हो कधीच! पण मुलगी आहे माझी. मुलगा काय करतो?"

माझं तोंड उघडं ते उघडंच! चाळीस मिनिटांत सव्वीस फोन, आणि एकही माणूस चुकीच्या यादीत नाही! प्रत्येकाला आधी 'कशासाठी?' एवढंच विचारायचं. आठ वर्षं मी वेबसाइटचंच काम करतोय, पण हे मला सुचलं नव्हतं. काकूंना वाकून नमस्कार करावासा वाटला. त्यांचं बघूनच मी दोन्ही बटणांना वेगळी नावं दिली, कोणतं दाबलंय ते तपासलं आणि सगळं सुरळीत झालं.

छाती फुगवून त्रिवेणीकडे पाहिलं. ती फोनवर होती. नांदेडचा अभिजीत, कुकटपल्लीत इंजिनिअर. काकूंनी सव्विसांतून निवडून तिच्या हातात दिलेला! ती लाजून हसत होती. मी लॅपटॉप मिटला.

दोन आठवड्यांनी काकूंनी बोलावलं. "तुझ्या हातून लई मोठं काम झालं बेटा! आता त्याच पानावर तिसरा फॉर्म टाक. साखरपुड्याला कोण कोण येणार, त्याचा."

टाकला. नीट चालतो का ते बघायला पहिलं नाव माझंच भरलं. चालला हो, एका फटक्यात!