फ्रीजच्या दारावर मल्लूअण्णा

रविवार, नवरात्रातली चौथी माळ. स्थळ: विणकरांचं वडगाव, मल्लूअण्णांच्या घराची पुढची खोली. हजर: मल्लूअण्णा, त्यांची सून वैशाली, निवृत्त शिक्षक पाटीलसर, शेजारच्या शैलाकाकू आणि मी. गैरहजर: मल्लूअण्णांचा मुलगा गिरीश. तो दसऱ्याच्या सेलमध्ये नवा फ्रीज बघायला गेला आहे. जुना फ्रीज मात्र कोपऱ्यात पूर्ण वेळ हजर होता. त्याची नोंद मुद्दाम करते, कारण आजचा सगळा प्रकार त्याच्यावरूनच झाला.

मल्लूअण्णा घरातला फ्रीज उघडण्याआधी दारावर टकटक करतात. बोटाच्या पेरानं, दोनदा. मग थांबतात, मान किंचित तिरकी करून आतला कानोसा घेतात आणि मगच दार उघडतात. ताक प्यायचं असो की कोथिंबिरीची जुडी काढायची असो, यात बदल नाही. आमच्या घरी आले की मात्र फ्रीज सरळ उघडतात. मी एकदा विचारलं, "अण्णा, आमच्या फ्रीजला का नाही विचारत?"

"तुमचा फ्रीज गरीब हाय, सेक्रेटरीआक्का," ते म्हणाले. "त्याच्यात कोन न्हाय."

सेक्रेटरी मी आमच्या गल्लीच्या वाचनमंडळाची. दिवसभर उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं स्टोअर सांभाळते, त्यामुळे आलं काय, गेलं काय, उरलं काय हे लिहून ठेवायची सवय लागली आहे आणि म्हणून हे पद माझ्या गळ्यात पडलं आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, कुणीतरी स्वतः लिहिलेलं वाचायचं आणि मग पोहे खायचे, एवढंच काम. पाटीलसर प्रवासवर्णन वाचतात (तेच, दरवेळी). शैलाकाकू ओव्या म्हणतात. मल्लूअण्णा भुताच्या गोष्टी वाचतात.

पण त्यांच्या गोष्टीत पिंपळ नसतो, विहीर नसते, पांढरी साडी नसते. त्यांची भुतं दुकानातून येतात. खोक्यातून, थर्माकोलसकट, बिल जोडून.

मल्लूअण्णांचा जन्म विणकराच्या घरातला. आधी घरचा हातमाग, मग दुसऱ्याचा पॉवरलूम, आणि तो बसल्यावर साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडून दाखवायचं काम. उमर तिथंच गेली. गिऱ्हाइकाकडे बघून बघून त्यांचं एक मत झालं आहे. "आदी बाईचा हात साडीवरनं फिरतोय. मग साडीचा हात बाईवरनं फिरतोय. ह्यो दुसरा हात मला दिसायचा, आक्का. म्हनून मी लिवाय लागलो."

कुणाकडे काही नवीन आलं की मल्लूअण्णा बघायला जातात. वस्तूसमोर खुर्ची ओढून बसतात, तिला 'पाव्हणं' म्हणतात आणि मालकाला ठरलेला प्रश्न विचारतात: "तू ह्येला आनलंस, का ह्येनं तुला आनलं?" शैलाकाकूंनी मसाज करणारी खुर्ची घेतली तेव्हा त्या या प्रश्नावर हसल्या होत्या. आता त्या खुर्चीवर वाळवणाचे पापड घालतात.

त्यांच्या गोष्टींचे नमुने देते, म्हणजे काकूंनी असं का केलं याची कल्पना येईल.

'एकावर एक फ्री' या गोष्टीत एक कुटुंब कुकर घेतं, त्यावर कुकर फुकट मिळतो. फुकटातला किंचित जड असतो. मग त्या घरात जे येईल ते दोन-दोन यायला लागतं. चपलांचे दोन जोड, दोन मांजरं. एका संध्याकाळी बाई दार उघडते तर उंबऱ्यात नवरा उभा, आणि त्याच्यामागे नवरा. बाई दुकानात धावते. दुकानदार म्हणतो, फुकटचा माल परत घेत नाही. "बरं मग विकतचा कुठला, तेवढं तरी सांगा," बाई म्हणते. दुकानदार म्हणतो, "बिल आणलंय का?"

'ट्रायल रूम'मध्ये एक गृहस्थ पँट घालून बघायला आत जातो. बाहेर येतो तो दुसराच: पोट नसलेला, हसरा, पिशव्या उचलणारा. बायकोच्या सगळं लक्षात येतं, पण ती तक्रार करत नाही. ही गोष्ट ऐकल्यापासून पाटीलसर पँट घालून न बघताच घेतात. त्यांची सध्याची पँट सुतळीनं बांधलेली आहे, हे आजच्या बैठकीत सर्वांनी पाहिलं.

आणि एक गोष्ट मला अजून काही सुचू देत नाही. एका म्हातारीला घरात नुसतं बोललेलं मिळायला लागतं. "चष्मा गावंना," म्हटलं की दारात पार्सल. "गुडघं दुखत्यात," म्हटलं की तेल. म्हातारी खूश होते. एका दुपारी ती सहज म्हणते, "एकटीला करमंना गं बाई." दाराची बेल वाजते. बाहेर माणसाच्या उंचीचं खोकं उभं असतं. गोष्ट तिथंच संपते. त्या दिवशी पोहे उरले होते.

आता फ्रीजकडे येते.

मल्लूअण्णांच्या घरी हा तिसरा फ्रीज. पहिल्याचं दार आपोआप उघडायचं. कुणी जवळ नसताना, हळूच, कुरकुर न करता. गिरीश निपाणीला बँकेत आहे, रोज जाऊन-येऊन करतो, त्याला दुरुस्तीच्या मागं लागायला वेळ नसतो. त्यानं फ्रीज बदलला. दुसऱ्याचंही दार उघडायला लागलं. दुरुस्तीवाला आला, दार चारदा उघडून लावून बघितलं आणि म्हणाला, "भूतबित काय न्हाय सर, मॉडेल जुनं झालंय." मग हा तिसरा, दोन दारांचा. त्याचीही दोन्ही दारं उघडतात. गेल्या आठवड्यात गिरीशनं गवंडी आणला. त्यानं फरशीवर हातोडीचा दांडा आपटून बघितला आणि कानडीत म्हणाला, "केळग टोळ्ळ ऐत्री." खाली पोकळ आहे. फरशी खचली आहे, फ्रीज पुढे झुकला आहे, म्हणून दार उघडतं. एवढं कळल्यावर गिरीशनं दोन गोष्टी ठरवल्या. अष्टमीला तिथली फरशी काढून खाली काँक्रीट ओतायचं, वर ग्रॅनाइटचा ओटा करायचा. आणि त्या ओट्याला शोभेल असा नवा, मोठा फ्रीज घ्यायचा.

आज बैठक सुरू व्हायच्या आधी वैशालीनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"काकू, तुमच्या मंडळात मामांच्या गोष्टी बंद करा."

"का गं? काय झालं?"

"परवा ह्यांच्या साहेबांची बायको आलती. मामा उठले, तिच्यासमोर फ्रीजवर टकटक केली आणि थांबले. ती मला म्हणती कशी, आत कोण आहे? काय सांगू मी? हे म्हणत्यात, त्या गोष्टी लिहून लिहून डोक्यावर परिणाम झालाय. दसरा झाला की डॉक्टरला दाखवायचं ठरलंय." तिचा आवाज बारीक झाला. "मला बी वाईट वाटतंय हो. पण भ्या बी वाटतंय."

मी म्हटलं, आजचं वाचन होऊ दे, मग बघू. पोह्यांवर कोथिंबीर घातली आणि आम्ही बाहेर आलो.

मल्लूअण्णांनी कागद उघडले. गोष्टीचं नाव 'एक्सचेंज ऑफर'. जुनं द्या, नवं न्या, आणि जेवढं जुनं तेवढी सूट जास्त. गोष्टीतल्या घरानं टीव्ही दिला, मिक्सर दिला, आजीची शिलाई मशीन दिली. दुकानदार म्हणाला, याहून जुनं काही असेल तर घसघशीत सूट देतो. घरी येऊन सगळे विचार करायला लागले, आणि विचार करता करता सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे गेली.

इथं शैलाकाकू मोठ्यानं हसल्या. वैशाली हसली नाही.

दुकानात म्हाताऱ्याचे दात बघितले, गुडघे वाजवून बघितले. "आवाज करतोय," दुकानदार म्हणाला, "पण चालंल." बदल्यात नवा म्हातारा मिळाला. खोक्यात बसून आला. स्वच्छ, शांत, खोकत नाही, गोष्टी लिहीत नाही, पाव्हण्यांसमोर कुठं टकटक करत नाही. घरातले सुखी झाले. एका दुपारी नव्या म्हाताऱ्याला तहान लागली. तो फ्रीजपाशी गेला. त्यानं दाराला हात लावला आणि हात थांबला. मग, त्याच्या माहितीपुस्तकात कुठंही लिहिलेलं नसताना, त्यानं बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली. आतून बाईचा आवाज आला:

"थांबा वो. धोटा चालू हाय. तार तुटंल."

मल्लूअण्णांनी कागदाची घडी घातली. एरवी गोष्ट संपली की ते आमच्याकडे बघून "तू ह्येला आनलंस, का ह्येनं तुला आनलं?" म्हणतात. आज ती घडी सरळ खिशात घातली.

पाटीलसरांनी घसा साफ केला. "अण्णा, गोष्ट बरी आहे. पण फ्रीजमध्ये धोटा कुठून आला? धोटा मागावर असतो, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो."

"फ्रीजमदी न्हाय सर. फ्रीजखाली."

"म्हणजे?"

"तितं खड्ड्याचा माग हुता," मल्लूअण्णा म्हणाले. वडगावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जमिनीत कमरेएवढा खड्डा, विणणारा काठावर बसून पाय खाली पावड्यांवर, म्हणजे पायपट्ट्यांवर, सोडतो. "गिरीशची आई बसायची त्यावर. तिचा हात माज्यापेक्षा चांगला. काठ तर असा विनायची, दुकानदार डोळ्याला लावून बगायचा. धोटा चालू असताना हाक मारली की हात दचकतोय, तार तुटतीया. म्हनून मागाच्या खांबावर टकटक करायची आनि थांबायचं. ती धोटा थांबवून 'हं' म्हनली, की मग बोलायचं."

फ्रीज घरघरत होता.

"ती गेली तवा गिरीश एवढुसा हुता. एकदा त्या खड्ड्यात पडला, दात पाडून घेतला. मग मागाचं लाकूड दिऊन टाकलं. खड्डा मीच बुजवला. इटांचं तुकडं, माती, मिळंल ते टाकलं. दाबून घ्याला पायजे हुतं." त्यांनी फ्रीजच्या पायाशी बघितलं. "दाबवंना माज्यानं."

म्हणजे तीन फ्रीजची दारं का उघडत होती, याचं उत्तर तिथं होतं. मी स्टोअरची बाई, मला ते लगेच पटलं.

वैशाली म्हणाली, "मामा, आम्हाला आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"काय सांगू पोरी? तुमचा फ्रीज हाय तितं तुजी सासू बसलीया, म्हनू? मला डॉक्टरकडं न्हेलं असतंस."

"ते तर आता बी न्हेणार होतो," वैशाली म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली, का रडायला, ते मला बसल्या जागेवरून नीट दिसलं नाही. मल्लूअण्णा मात्र हसले.

मग त्यांनी जे मागायचं ते मागितलं. फार नव्हतं. "काँक्रीट वता. घर तुमचं हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पर अष्टमीला नगो. नवमीला एक डाव तेवढी फरशी काडा. खंडेनवमीला समद्या गल्लीत मागाची पूजा हुतीया, आनि मी हितं मिक्सरला हळदकुकू लावत बसतोय. माग न्हाय तर न्हाय. खड्ड्याला फूल वाहतो. मग बुजवा, ग्रॅनाइट घाला, काय पायजे ते करा. मी परत टकटक करनार न्हाय."

"टकटक करा हो," वैशाली म्हणाली. "त्याला कोण नको म्हणतंय?"

चहा ठेवायचा होता. वैशाली दूध काढायला फ्रीजपाशी गेली, दाराला हात लावला आणि तिचा हात तिथंच राहिला. तिनं मागे वळून सासऱ्यांकडे बघितलं.

"उगड गं," मल्लूअण्णा म्हणाले. "ती सुनंला काय म्हनत न्हाय."

तेवढ्यात गिरीशचा फोन आला. स्पीकरवर नव्हता, पण उत्साहानं बोलत होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. मोठ्या फ्रीजवर मिक्सर फुकट मिळत होता. "फुकट?" मल्लूअण्णा लगेच सावध झाले. वैशालीनं त्यांना हातानं थांबवलं आणि फोनवर म्हणाली, "बुक करू नका अजून. घरी या. न्हाय, मामा बरे आहेत. अहो, तुम्ही ल्हान असताना दात पाडलाता ती जागा आठवते का तुम्हाला?"

मग गिरीश म्हणाला, "आलो."

झालेली कामं: गवंड्याला मी तिथूनच फोन करून अष्टमीचं काँक्रीट दसऱ्यानंतर ठेवलं. नवमीला पूजेच्या दिवशी तो हत्यार धरत नाही म्हणाला, तेव्हा फरशी काढायला छिन्नी-हातोडी आमच्या फाउंड्रीतून मी आणणार. झेंडूचं शैलाकाकूंनी अंगावर घेतलं. पाटीलसर हात लावायला येणार, मात्र पट्टा घालून, ही अट मी घातली. मल्लूअण्णांच्या गोष्टी मंडळात चालू राहतील.

राहिलेलं काम: फ्रीज हलवणे. तो सॉस, लोणची आणि उरलेल्या भाज्यांच्या डब्यांनी वरपर्यंत भरला आहे. आधी रिकामा करावा लागेल, खाली पोतं घालावं लागेल, आणि गिरीश धरून चौघं लागतील. मी निघाले तेव्हा गिरीश अजून यायचा होता. फ्रीजचं दार पुन्हा हळूच उघडलं होतं. आतला दिवा लागला होता. दार लावायला कुणी उठलं नाही.