आइस्क्रीमच्या डब्यातली बुरशी

आईची लबाडी आपल्या नजरेतून सुटत नाही, असा नेइदेचा पक्का समज होता. आई, दोना झुल्मिरा, मोठी बिलंदर. साखर चढलेली आणि गोडाचा सोस सुटेना. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, असंच चाललं तर पायाचा अंगठा जाईल.

नेइदे प्रयोगशाळेत गायखुराच्या पानांत राहणारी बुरशी वाढवायची. हे झाड म्हणजे आपट्याचं सख्खं भावंड. त्या बुरशीत साखर उतरवणारं काहीतरी आहे, असा तिला दाट संशय होता. तिथला फ्रीज बिघडला, म्हणून शिजल्या भातावर वाढवलेली बुरशी तिने घरी आणली आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवली. ब्राझीलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, फ्रीजमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात घेवड्याची उसळ असते. मग गोडखाऊ आई कशाला उघडतेय?

पण दुपारी जेवायला उसळ तर लागणारच ना! हे नेइदेबाईंच्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी डबा घासून पालथा घातलेला. नेइदेने आईला विचारलं, तर ती म्हणे कुठला डबा. नजर मात्र खिडकीबाहेर. हिने खीर समजून चापली, नेइदेची खात्रीच पटली. घाबरून तिने आईच्या बोटाला सुई टोचली. काल दोनशे चाळीस, आज एकशे साठ! तिसऱ्या दिवशी तर एकशे वीस.

मग काय, नेइदेचे पाय जमिनीवर ठरेनात. ती प्रयोगशाळेतल्या प्राध्यापक आल्तामिरोंनाच घरी घेऊन आली. ते वही उघडून अदबीने म्हणाले, "दोना झुल्मिरा, किती चमचे खाल्लेत?"

"खाल्लं? मी?" म्हातारी उसळली. "मेलं ते केसाळ, पांढरं! कचऱ्यात टाकलं. पोरगी रागावेल म्हणून बोलले नाही. पण तेव्हापासून गोड बघितलं की तेच दिसतं हो. उशीखालची पेरूची वडी तीन दिवस तशीच पडून आहे."

"उशीखालची?" नेइदे किंचाळली.

प्राध्यापकांनी पेनाचं टोपण चावलं. "औषध लागू पडलंय, यात शंका नाही," ते म्हणाले. "पण नुसतं बघून लागू पडलं, हे लिहायचं कुठल्या रकान्यात?"