मोहरी एकेक फुटली पाहिजे

हिरामणजी आमच्या घरी येतात तेव्हा बेल दाबत नाहीत, कडी वाजवत नाहीत, "आहे का कोणी?" असंही विचारत नाहीत. उंबऱ्यात उभे राहतात आणि एक टाळी वाजवतात. एकच, पण अशी कडक की उतू जाणारं दूध खाली बसावं. मग डोळे मिटून, मान तिरकी करून ती टाळी घरात कुठं कुठं फिरून येते ते ऐकतात. आणि निकाल देतात.

"वयनी, पलंग सरकवला का जी?"

सरकवलेला असतो.

पहिल्यांदा टाळी वाजली तेव्हा आमचे हे आतून ओरडले, "मेला का मच्छर?"

"मच्छर नाही जी. तुमचं घर पाहून राहिलो."

"मग डोळे उघडून पाहा ना!"

पण डोळे उघडून जे दिसत नाही ते ह्या माणसाला मिटून दिसतं, हे मी वीस वर्षांत पुष्कळदा पाहिलं आहे. एकदा टाळी वाजवून म्हणाले, "पावणे गेले वाटते." आमचे लेक-जावई त्याच सकाळी गेले होते. मी म्हटलं, कोणी सांगितलं तुम्हाला? तर म्हणे, "गाद्या माळ्यावर गेल्या. गाद्या आवाज खातेत, वयनी. त्या गेल्या का आवाज उपाशी हिंडते घरात."

गोंदियाजवळच्या कुडव्यात आमची दोन घरं एकाच भिंतीला चिकटून आहेत. इकडून कुकरची शिटी झाली की तिकडून हिरामणजी मोजतात आणि मी विसरले तर "वयनी, चार झाल्या!" म्हणून ओरडतात. भिंतीपलीकडे ते एकटेच राहतात. पण त्यांच्या घरात मात्र ते टाळी वाजवत नाहीत. मी एकदा मेथी निवडता निवडता विचारलं होतं, "तुमच्या घरी काऊन नाही वाजवत जी?"

"दोनदा वाजते," असं म्हणाले आणि बॅटरीच्या सेलच्या गोष्टीवर गेले. मीही मेथीवर गेले.

आता त्यांचा धंदा सांगते, म्हणजे हे वेड कुठून आलं ते कळेल. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. अशा नाटकांचे माईक हिरामणजींनी तीस-बत्तीस वर्षं सांभाळले. रंगमंचावर बांबूला माईक टांगायचे आणि बाजूला अॅम्प्लिफायरच्या पेटीजवळ श्वास धरून बसायचं. त्यांचा एकच नियम: "माईकवाला आयकू आला, का नाटक पडलं." खोकायचं नाही, खुर्ची करकरू द्यायची नाही, विनोद झाला तरी हसायचं नाही. सगळा मांडव पोट धरून हसतोय आणि हे पेटीजवळ पुतळ्यासारखे! ती सवय अजून आहे. माणूस पापडसुद्धा वरणात भिजवून खातो, वाजू नये म्हणून. वाजत नाही तो पापड कसला, सांगा बरं!

तर ह्या हिरामणजींना एक रेकॉर्डर घ्यायचा होता. हातात मावेल असा, शेतात नेता येईल असा. आणि तो घेण्यात त्यांचे दोन रोवणे गेले.

रोवणा म्हणजे धानाची लावणी. हिरामणजींची मोठी बहीण, पार्बताबाई, चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावात राहते. आई लवकर गेली, तेव्हा हिरामणजींना हिनंच कडेवर घेऊन वाढवलं. रोवण्याची गाणी तिला इतकी येतात की एक बांधी, म्हणजे धानाचा एक तुकडा, लावून संपते पण गाणं संपत नाही. पण एक अडचण आहे. ती गाणी बसून म्हणता येत नाहीत. हिरामणजींनी एकदा तिला खुर्चीवर बसवून पाहिलं होतं. म्हातारी दोन ओळी म्हणून थांबली. "पाय कोरडे हायेत रे बाबू. कसं आठवन?" पाय चिखलात, कंबर वाकलेली, हातात धानाचं रोप असलं तरच पुढची ओळ येते. म्हणजे वर्षातून एकदाच, आठ दिवस. ते चुकले की पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

पहिला रोवणा चुकला कारण रेकॉर्डर ठरला नव्हता. दुसरा चुकला कारण ठरलेला रद्द झाला होता. आणि यंदा उन्हाळ्यात म्हातारीनं निरोप पाठवला: "गुडघे नाही म्हणून राहिले. यंदाचा रोवणा माझा शेवटला. पेटी आनाची असन तं आन, नाही तं रायला."

आमचे हे म्हणाले, "हिरामण, मोबाईलवर कर ना. पोरंसोरं सगळं मोबाईलवरच करतात."

हिरामणजींनी आधीच करून पाहिलं होतं. आमच्याच अंगणात पाण्याची बादली ठेवून, त्यात हात घालून मला बोलायला लावलं होतं. मोबाईलमध्ये माझं बोलणं स्वच्छ आलं, पण पाणी गायब! "पाहा," ते म्हणाले, "हा स्वतःच ठरवते काय आयकाचं न काय नाही. पानी काढून टाकलं त्यानं. पान्याशिवाय रोवणा असते का जी? मले हुशार मशीन नोको. मले आयकनारी मशीन पायजे."

गोंदियाच्या बाजारात एक शेठ आहेत, माईक आणि पेट्या विकतात. तीस वर्षांचं गिऱ्हाईक म्हणून ते हिरामणजींना एकेक रेकॉर्डर दोन दिवस घरी नेऊ देत. एकदा मीही लोकर घ्यायला बाजारात होते म्हणून बरोबर गेले. शेठनी नवं मशीन काढलं आणि कौतुकानं म्हणाले, "काकाजी, ये लो. इसमें आवाज कम-ज्यादा सेट करने की झंझटच नहीं. जोर से आए, धीरे से आए, सब अपने आप संभाल लेता है."

हिरामणजींचा चेहरा असा झाला जसा सुनेनं "तुम्ही बसा, मी करते" म्हटल्यावर सासूचा होतो. "सब वो संभालेगा? तो मैं किसलिए हूँ?" म्हणून मशीन परत केलं.

"काकाजी, लेना है कि सिर्फ डाँटना है?"

"लेना है ना. सेल कौनसा लगता है?"

एका मशीनला आतलीच बॅटरी होती, चार्जिंगची. तेही बाद. शेतात वीज कुठली? त्यांचं म्हणणं, जो सेल गावच्या पानठेल्यावर मिळतो तोच लागला पाहिजे. शेठनी कपाळाला हात लावला.

घरी आणलेल्या मशीनची परीक्षा माझ्या स्वयंपाकघरात व्हायची. मशीन ओट्यापासून चार हात दूर पाटावर. मी तेल तापवायचं, मोहरी टाकायची, आणि कोणी बोलायचं नाही. मग कानाला हेडफोन लावून ते ऐकायचे आणि मान हलवायचे. "नाही जमलं. याच्यात मोहरी सगळी मिळून फुटते. मले एकेक फुटलेली पायजे. बारा बाया रोवून राहिल्या, तं बारा पावलं वेगळाली आयकू आली पायजे." एका दिवसात तीन-तीन फोडण्या झाल्या. आमचे हे आठवडाभर तिहेरी फोडणीचं वरण खात होते आणि म्हणत होते, "ह्या माणसाचा रेकॉर्डर ठरेपर्यंत माझं पित्त ठरणार नाही."

बरं, एका मशीनमध्ये मोहरी एकेक फुटली. अगदी मोजता येईल अशी. मी म्हटलं, झालं, सुटलो! तर हिरामणजी पुन्हा खिन्न.

"आता काय?"

"याच्यात मी आहो."

"म्हणजे?"

"माझा श्वास येऊन राहिला, वयनी. चांगली मशीन हाये, पन मले आयकते."

मी म्हटलं, "अहो, जी मशीन मोहरीचा दाणा ऐकेल ती सहा फूट माणूस कसा नाही ऐकणार?" पण त्यांना सगळं ऐकणारी आणि नेमकी त्यांनाच न ऐकणारी मशीन पाहिजे होती. अशी मशीन कोणी केली असेल असं मला नाही वाटत.

एव्हाना पार्बताबाईच्या गावचा रोवणा सुरू झालासुद्धा. आठ दिवसांतले सात दिवस हिरामणजी फोडणी ऐकत बसले. शेवटी मीच रागावले. म्हटलं, "हिरामणजी, म्हातारी उद्या शेवटची बांधी लावते. तुम्ही श्वास घ्या नाही तर नका घेऊ, पण ती मोहरीवाली मशीन घ्या." घेतली. मग वाऱ्याची काळजी. शेतातला वारा माईकवर बसला की नुसतं घूंऽऽ घूंऽऽ येतं म्हणे. त्यावर लोकरीचं काहीतरी घालतात. मी त्याच संध्याकाळी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणलं, बाळाला विणतात तसंच, फक्त संत्र्याएवढं. खाली नाडीसुद्धा लावली.

सकाळी एसटीनं आम्ही दोघं निघालो. आमचे हे म्हणाले, "जा, पण बसमध्ये त्याला टाळी वाजवू देऊ नको. ड्रायव्हर ब्रेक मारेल."

बांधावर पोचलो तेव्हा बारा बाया ओळीनं वाकून मागे मागे सरकत रोप लावत होत्या, आणि पार्बताबाई मधोमध. ती ओळ म्हणायची, बाकीच्या उचलायच्या. हिरामणजींनी एक टोपली पालथी ठेवली, तिच्यावर टोपडं घातलेली मशीन ठेवली आणि उकिडवे बसले. "वाकून गायलं का आवाज पान्यावर पडते," माझ्या कानात म्हणाले. "म्हणून मशीन खाली पायजे." लाल दिवा लागला आणि त्यांनी श्वास धरला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. रोवण्याच्या शेवटच्या दिवशी बांधावर कोरडा माणूस दिसला की बाया त्याला चिखलात ओढतात. जावई असो, पाटील असो, सुटका नाही. हे हिरामणजींना माहीत नव्हतं का? जन्म तिथलाच! पण त्यांना वाटलं, आपण कामावर आहोत, आपल्याला कोण हात लावतं?

बाया पाठमोऱ्या आमच्याकडे सरकत येत होत्या. गाणं मोठं मोठं होत होतं. पार्बताबाईनं आम्ही आलो तेव्हाच टोपडं हेरलं असणार; आता वळून पाहिलंसुद्धा नाही, पण ओळ बदलली:

"बांधावर कोन उभा, कोरड्या पायाचा,
टोपड्यात तान्हा त्याच्या, बिना मायचा!"

बाया खुदखुदल्या, पण ओळ उचलली. दुसऱ्यांदा म्हणता म्हणता बांधाला टेकल्या, वळल्या आणि चौघींनी हिरामणजींचे हातपाय धरले. आणि गंमत अशी की मशीन चालू, म्हणून हे ओरडेनात! कुजबुजत होते. "बाई, नोको ना… बाई, चालू हाये… अवो, हळू…" कुजबुजत कुजबुजतच माणूस चिखलात गेला. मी टोपडं उचलून छातीशी धरलं. दोघी माझ्याकडेही वळल्या, तर पार्बताबाई ओरडली, "तिले सोडा वो! तान्हं हाये तिच्यापाशी!"

मग तिनं दोन्ही हातांनी चिखल घेतला आणि भावाच्या डोक्याला तेल चोळतात तसा चोळला. सत्तरीच्या बहिणीनं साठीच्या भावाला. "धू आता, बाबू," म्हणाली. आणि तेव्हा काय झालं ते मी बांधावरून पाहत होते, पण त्यांचं त्यांना कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी टाळी वाजली. "आलमारी तिथंच हाये," असं म्हणून हिरामणजी बसले आणि मशीन लावली. काय सांगू! चिखलात रुतणारं एकेक पाऊल वेगळं, रोप खोवल्याचा बुडुक वेगळा, दूर कुठं टिटवी, आणि मध्ये पार्बताबाईचा तो खरखरीत, सरळ आवाज. मोहरी एकेक फुटत होती. हिरामणजी मान हलवत होते, प्रत्येक बाईचं नाव सांगत होते. "ही सुमन. ही तिची जाऊ." मग धपाक आवाज आला, बायांचा कल्ला, आणि त्यात एक पुरुषाचं हसू. मोठं, मोकळं, थांबता न थांबणारं.

त्यांनी मशीन थांबवली. मागे नेली. पुन्हा ऐकलं. मान तिरकी, डोळे मिटलेले.

"हा कोन व्हय?" म्हणाले. "गडी छातीतून हासून राहिला. दात पुरे हायेत. साठीचा आसन. आपल्याच भागातला… पन आयकला नाही कधी."

मी म्हटलं, "हिरामणजी, तुम्हीच."

"नाही जी. मी रेकॉर्डमंदी येत नसतो."

"आलात ना पण."

ते मशीनवर वाकले. "इतका?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, नको असेल तर तेवढं काढून टाकता येत असेल ना. "येते," म्हणाले, आणि मशीन टोपड्यासकट उचलून घरी गेले.

दुपारी मी तांदूळ निवडत होते, हे पेपर वाचत होते. भिंतीपलीकडून गाणं सुरू झालं. पावलं, टिटवी, धपाक, कल्ला, हसू. थांबलं. मागे गेलं. पुन्हा पावलं, पुन्हा हसू. तिसऱ्यांदा हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग, जरा उशिरानं, जरा बिचकत, दुसरं.

ह्यांनी पेपर खाली केला.

"हिरामणकडे कोण आलं गं? दोघंजण हसून राहिले."