कढईभर दोडोल आणि एक वाघ

दोष पाक लोंगचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात विचाराल तर सगळे माझं नाव घेतील. पाक लोंग म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. रबराचा मळा मुलांवर सोडून दिल्यापासून त्यांनी एकच उद्योग केला: वाघ-शिकाऱ्याच्या पटावर हरायचं आणि हरल्यावर व्यूहरचनेवर व्याख्यान द्यायचं. गावातली म्हातारी मंडळी ते माना डोलवत ऐकतात. (केस पिकले की अक्कलही पिकली, असं आमच्याकडे धरून चालतात. मी कुआंतान शहरातलं कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तेव्हा याच मंडळींनी मला उपदेशाचे डोस पाजले होते.)

तर ईद तोंडावर आली होती आणि मला रोहायूशी लग्न करायचं होतं. मागणी घालायला घरातलं कोणीतरी वडीलधारं लागतं, म्हणून पाक लोंग गेले. तिचे वडील पाक जाइस म्हणाले, "पोराला आमच्या ईदच्या दोडोलला पाठवा. कढई ढवळू दे. मग बघू."

दोडोल म्हणजे आमच्याकडची ईदची चिवट मिठाई: नारळाचं दूध, गूळ आणि चिकट तांदळाचं पीठ सकाळी चुलीवर चढवायचं आणि उन्हं उतरेपर्यंत वल्ह्याएवढ्या लाकडी पळीनं ढवळत राहायचं. हात थांबला की तळ लागलाच. हे सगळं रोजा धरून, त्यामुळे चाखून बघायचीही सोय नाही.

रोहायू चुलीत सरपण सारायला आली आणि कुजबुजली, "झामरी, आबा खेळतायत, खेळू देत. तू तोंड उघडू नकोस. फक्त ढवळ."

"नाही उघडणार."

"कॉलेज पुरं करणार, असंही म्हणाला होतास ना?"

पलीकडे ओट्यावर कोळशानं पट आखला होता. रबराच्या बिया म्हणजे शिकारी, नदीतला गोटा म्हणजे वाघ. वाघ पाक जाइसांचा, शिकारी आमच्या महापुरुषांचे. ओळीत एक किंवा तीन शिकारी असले की वाघ वरून उडी मारून त्यांना खातो. दोन असले की त्याची उडी अडते. म्हणजे शिकारी जोडीनं ठेवायचे आणि वाघाला रेटत पटाच्या टोकाच्या त्रिकोणात, डोंगरावर, कोंडायचं. एवढं शेंबड्या पोराला कळतं.

"व्यूहरचना अशी," पाक लोंग म्हणाले, "की एक शिकारी एकटाच पुढे धाडायचा. वाघाला मोह पडतो."

वाघाला मोह पडला. शिकारी गेला.

"आता त्याला वाटतंय, मी चुकलो." (मलाही तसंच वाटत होतं.)

"लोंग," पाक जाइस दाढी कुरवाळत म्हणाले, "रोजा सोडायच्या आधीच माझा वाघ पोटभर जेवला की हो! आणि तुमचे शिकारी अगदी पुतण्यावर गेलेत. मध्येच पट सोडून पळतात."

ओट्यावर जमलेली सगळी म्हातारी मंडळी खो-खो हसली. पाक लोंगही हसले! माझी मागणी घेऊन आलेला माणूस!

"अहो, जोडीनं ठेवा!" मी ओरडलो. "जोडीनं! आयुष्यभर काय खेळलात?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"तोंड आहे म्हणायचं पोराला," पाक जाइस म्हणाले. "ये, तूच ये."

एकच डाव, मी मनात म्हटलं. तेवढ्यात काय होतंय? पळी पाक लोंगच्या हातात दिली आणि बसलो.

पाक लोंगनी पळी धरली खरी, पण डोळे पटावर. माझ्या दर चालीला ते "हीच! ही माझीच व्यूहरचना!" म्हणून ओरडत होते, आणि दर ओरडण्याला हात थोडा आणखी मंदावत होता. मी जोड्या सरकवत गेलो. वाघ मागे हटला.

"अहाहा, काय खमंग वास सुटलाय!" पाक लोंग म्हणाले.

पाक जाइसांनी नाक वर केलं. "वा! आज जमलंय."

रिकाम्या पोटाला करपलेलंही खमंग वाटतं. खोटं कशाला सांगू, माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. वाघ डोंगरावर चढला. मी शेवटची जोडी लावली. वाघ खलास.

तेवढ्यात रोहायूची आई माक तिमाह स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं पाक लोंगच्या हातून पळी सोडवली. पळी कढईत उभीच राहिली.

"कोण ढवळत होतं?"

पाक लोंगनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी नुसती धरली होती." (आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले.)

"अगं तिमाह, ते राहू दे, इकडे बघ!" पाक जाइस आनंदानं थरथरत होते. "इतक्या वर्षांत मला कोणी कोंडलं नव्हतं! पोरगा हुशार आहे. मला पसंत आहे!"

"तुम्हाला असणारच," माक तिमाह म्हणाली. "पेटती चूल सोडून पटाला चिकटणारा एक माझ्या पदरात पडलाय. दुसरा माझ्या पोरीच्या पदरात नको."

मी रोहायूकडे बघितलं. ती चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढत होती. वर बघितलंच नाही.

पाक लोंग अजून कॉफीच्या टपरीवर तो डाव मांडून दाखवतात, स्वतःच्या नावावर. ईदनंतरच्या महिन्यात रोहायूनं शाळेतल्या एका मास्तराशी लग्न केलं. त्याला हा खेळ येत नाही.

मी एक डाव जिंकला, त्यात रोहायू गेली.