कल्याणरावांनी गायरान साफ केलं

पाहुणे यायच्या आधी घर झाडून घ्यावं, एवढं शहाणपण कल्याणरावांना उपजतच होतं. पालमजवळच्या गावात त्यांचं किराणा दुकान, आणि वर ते गावच्या जैवविविधता समितीचे अध्यक्ष! पुण्याहून तीन शास्त्रज्ञ गायरान बघायला येणार म्हटल्यावर ते बायकोला म्हणाले, "भागम्मा, तू बघच! अशी तयारी करतो की सायबांचे डोळे दिपले पायजेत!"

गायरानात तारेच्या कुंपणातला एक चौकोन होता. परभणीच्या कॉलेजातल्या अर्पिता मॅडम आणि भागम्मा दोन वर्षं तिथं गवतं मोजत होत्या. भागम्मा गवताचं गावठी नाव सांगायची, मॅडम शेजारी शास्त्रीय नाव लिहायच्या. सत्तेचाळीस जाती भरल्या होत्या! बाकीचं गायरान शेळ्यांनी खरवडलेलं. पाहुण्यांची खात्री पटली तर गायरान गवतासाठी राखीव राहणार, नाहीतर तिथं गोदाम उठणार.

सकाळी जीप आली. कल्याणराव हार घेऊन उभे. मॅडम कुंपणाशी गेल्या आणि मटकन खालीच बसल्या. चौकोन नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखा गुळगुळीत! कडेच्या दगडांना चुना, मधोमध रांगोळी : सुस्वागतम!

"काका, गवत कुठंय?"

"ते व्हय? काल गुपचूप आठ बाया लावून कापून घेतलं! कमरंएवढा कचरा माजला होता मॅडम. पाहुण्यांनी पाय कुठं ठिवायचे?"

"अवो, त्योच कचरा बघायला आलेत की ती मानसं!" भागम्मा कडाडली. "टाकला कुठं?"

"शेजारच्या वैजयंतीच्या म्हशीपुढं..."

आता मात्र कल्याणरावांना दरदरून घाम फुटला. सगळी वरात गोठ्याकडे पळाली. शास्त्रज्ञ पुढे, मॅडम मागे, हार सांभाळत अध्यक्ष सगळ्यात शेवटी! म्हैस तोंड भरून खात होती. भागम्मानं पदर खोचला आणि गव्हाणीत हात घातला.

"हा पवन्या. ही मारवेल. ही कुसळी. हा शेडा... सोड की गं बाई, सोड!"

शेडा म्हशीच्या तोंडातून ओढून काढावा लागला. शास्त्रज्ञ ओट्यावर वर्तमानपत्रं पसरून एकेक काडी मांडत होते. दुपारपर्यंत त्रेचाळीस जाती भरल्या. उरलेल्या चार म्हशीच्या खात्यात गेल्या.

मोठ्या साहेबांनी भागम्माला हात जोडले. "बाई, मुळं शाबूत आहेत. पुढच्या पावसात सगळं उगवेल. गायरानाचं माझ्यावर सोडा."

संक्रांतीला अहवाल आला. गायरान वाचलं! मॅडमच्या नावाशेजारी संशोधक म्हणून भागम्माचं नाव. तिचे डोळेच भरून आले. कल्याणराव चष्मा लावून आपला उल्लेख शोधत राहिले. सापडला! पान नऊ, 'गवताला असलेले धोके' : एक, शेळ्या. दोन, वणवा. तीन, समितीचे अध्यक्ष.

कल्याणरावांनी ते पान दोनदा वाचलं, घसा खाकरला आणि म्हणाले,

"नाव न्हाई घातलं, पण पदाचा मान राखला हां!"