मारला काटा!

नदीपात्रात सभा भरली आहे. राज्यातले एक फार मोठे पुढारी बोलत आहेत. एक जोरदार वाक्य टाकून ते टाळ्यांसाठी थांबतात आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत मागच्या रांगेतून एक कोरडा, ठणठणीत आवाज येतो, “मारला काटा!” माणसं वळून बघतात. एकदा तर शेजारच्या बाई खाली वाकून कोणाच्या पायात मोडला ते शोधायला लागल्या होत्या.

हा आवाज बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या करमरकरांचा. आणि त्यांच्या शेजारी, यांची-आपली ओळख नाही असा चेहरा करून बसलेला माणूस म्हणजे मी, तांबोळी, तळमजला.

करमरकर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवणारे, वजनं खालून पोखरणारे, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून काटा स्थिर व्हायच्या आत माल पुडीत ओतणारे, असे सगळ्या तऱ्हेचे व्यापारी त्यांनी पकडले होते. माझ्या वडिलांचं रविवार पेठेत सुक्या मेव्याचं दुकान होतं. त्यांची वजनं चोख होती, तरी करमरकर नुसते समोरच्या फुटपाथवरून गेले की वडिलांना घाम फुटायचा. निवृत्त झाल्यावर माणसं पोथी वाचतात किंवा सोसायटीचे सेक्रेटरी होतात. करमरकर पुढाऱ्यांची भाषणं तोलायला लागले.

“वाणी पाव किलोत चिमूटभर मारतो, तांबोळी. त्याला दंड आहे. हे लोक पोतीच्या पोती गायब करतात आणि त्यांना हार आहे.”

सभांना ते मला घेऊन जात. कारण विचारलं तर म्हणाले, “तुम्हाला कान आहे.” मी बरेच दिवस खुशीत होतो. पुढे करमरकरकाकूंनी सांगितलं की मला स्कूटर आहे, हे खरं कारण.

सभेला जायचे त्यांचे काही नियम होते. बसायचं मागे. “पुढे बसलं की चेहरा दिसतो. चेहरा दिसला की ऐकू येत नाही.” टाळी वाजवायची नाही. “टाळी म्हणजे पावती. माल घरी नेऊन बघितल्याशिवाय मी पावती देत नाही.” आणि भाषण चालू असताना मी काही विचारायचं नाही. एकदा मी मध्येच “पटतंय का हो?” म्हणालो, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी चालत्या तराजूत बोट घातलं होतं.

नदीपात्रातल्या त्या सभेत पुढारी म्हणाले होते, “आम्ही धरण बांधलं. आम्ही गावोगाव रस्ते नेले. आम्ही शाळा काढल्या. पण मित्रहो, आज तिजोरीत खडखडाट आहे. अशा वेळी आपण पोटाला चिमटा घेतला पाहिजे!” आवाज असा काही भरून आला होता की माझ्या अंगावर काटा आला. तो आला तसा सभा सुटल्यावर अमृततुल्यच्या बाकावर करमरकरांनी उतरवला.

“धरण कोणी बांधलं?”

“आम्ही,” मी म्हणालो. “म्हणजे, त्यांनी.”

“त्यात तुम्ही आहात?”

“नाही.”

“पोटाला चिमटा कोणी घ्यायचा?”

“आपण.”

“त्यात तुम्ही आहात?”

“आहे.”

“आणि ते?”

मी पुढाऱ्यांचं पोट डोळ्यासमोर आणलं.

“हा काटा इथे मारतात बघा,” करमरकर बशीत चहा ओतत म्हणाले. “श्रेय वाटायचं झालं की आम्ही. झळ सोसायची झाली की आपण. आणि शेवटी काय म्हणाले? ‘आपण आम्हाला आशीर्वाद द्यावा.’ इथला आपण म्हणजे नुसते तुम्ही! वजन तेच, सकाळी किलो आणि संध्याकाळी पाव किलो. आमच्या खात्यात असतं तर जप्त केलं असतं.”

“आणि ते चुकांचं म्हणाले ते? ‘काही चुका झाल्या असतील’?”

“कोणाकडून झाल्या? वाक्याला मालकच नाही. बेवारस वाक्य आहे ते. पोलिसात वर्दी द्या.”

मला हसू आलं, पण हसण्यावारी नेता आलं नाही. आमच्या घरात बोलतो त्या दखनी बोलीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना ‘हम’ एकच. त्यात कोण आलं आणि कोण राहिलं, ते ज्याचं त्याने ओळखायचं. ते ओळखायची सवय मला लहानपणापासून आहे. व्यासपीठावरून कोणी छातीवर हात ठेवून “आपण सगळे” म्हणालं की त्यात तांबोळी धरलाय की नाही, हे मला त्या माणसाच्या आवाजावरून कळतं. कधी धरलेला असतो, कधी नसतो. हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो. करमरकरांना ते न सांगता माहीत होतं, आणि म्हणून पुढे त्यांनी पेट्रोलचं नाव काढलं नाही तरी मी त्यांना स्कूटरवर नेत राहिलो.

ते कोणावरच खूश नव्हते असं मात्र नाही. एकदा आमच्या चौकातच एका नवख्या उमेदवाराची सभा होती. कोणीतरी ओरडून विचारलं, “पाण्याचं काय करणार?” तो बिचारा गांगरला आणि म्हणाला, “मला अजून समजलेलं नाही. मी माहिती घेतोय.” लोक हसले. करमरकरांनी टाळी वाजवली. एकट्याने, सावकाश, हात डोक्याच्या वर नेऊन. “भरलं बरोबर,” ते म्हणाले. त्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालं. आठवडाभर करमरकर धड जेवत नव्हते, असं काकू सांगत होत्या.

काकूंचं या सगळ्यावर एकच मत होतं. “बाहेर तोला हो, खुशाल तोला. घरात तरी तराजू खुंटीला टांगा.”

हे त्या कशाबद्दल बोलत, ते मला उशिरा कळलं. करमरकरांना एकुलती एक मुलगी, शुभदा. कॉलेजात असताना तिचं लोणी काळभोरच्या एका मुलाशी जमलं. पोरगा शेतीतला, शिकलेला, सरळ. जातीचा प्रश्न दोन्ही घरांत निघाला आणि दोन्ही घरांत मिटला. करमरकरांनी मिटवायला पुढाकार घेतला होता. लग्न थाटात लागलं. जेवणं चालू असताना शुभदाच्या सासऱ्यांनी माईक हातात घेतला. गावातलं वजनदार माणूस, सभांची सवय. भरल्या गळ्याने म्हणाले, “मंडळी, आजपासनं शुभदा आमची!”

टाळ्या पडल्या. करमरकरांच्या हातातला घास हातातच राहिला.

“आमची म्हणाले,” त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण आवाज कालच्यासारखा होता. “आपली म्हणायला काय झालं होतं, तांबोळी? आमची म्हणजे त्यात आम्ही नाही. मी मुलगी दिली होती, खरेदीखत करून दिलं नव्हतं.”

“अहो काका, प्रेमाने म्हणाले असतील. गावाकडे तसंच म्हणतात.”

“प्रेम असेल. माप कमी भरलं.”

त्यानंतर करमरकर लोणीला गेले नाहीत. बारशाला नाही, वास्तुशांतीला नाही, यात्रेला नाही. भांडण झालं नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. काकू एकट्या बसने जात आणि येताना वांगी, कोथिंबीर घेऊन येत. ती कोथिंबीर करमरकर निवडत बसत आणि ‘तुमच्या लोणीला पाऊस आहे का’ म्हणून विचारत. शुभदा माहेरी आली की तिलाही तेच. तुमचं गाव, तुमची शेती, तुमच्या घरी काय चाललंय. एकदा माझ्या देखत ती म्हणाली, “आबा, सारखं तुमचं-तुमचं काय?” तर म्हणाले, “वजन बरोबर आहे. चुकत असेल तर दाखव.” तिने चहाची कपबशी विसळून पालथी घातली आणि पाच मिनिटांत निघून गेली. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला. बरोबर असण्याचाही माणसाला कधी कधी कंटाळा यायला हवा.

मग लोणीच्या आसपास निवडणुका लागल्या, जागा बाईसाठी राखीव झाली आणि शुभदा उभी राहिली. काकूंनी ही बातमी घरात अशी दिली, “रविवारी तिची पहिली सभा आहे. मी सकाळच्या बसने जाणार. तुमचं तुम्ही ठरवा. आणि यायचं तर मुलीची सभा म्हणून या. निरीक्षक म्हणून येणार असाल तर घरी बसा.”

रविवारी दुपारी करमरकर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात.

“एक किरकोळ सभा आहे. सोलापूर रस्त्याला. येताय?”

हडपसर सोडल्यावर मी मागे वळून विचारलं, “काका, आज तोलायचं का?” ते म्हणाले, “रस्त्यावर लक्ष द्या.”

सभा देवळासमोरच्या पटांगणात होती. आम्ही नियमाप्रमाणे मागे, चहाच्या गाड्याजवळ बसलो. काकू पुढे बायकांमध्ये होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. एक-दोघं बोलून गेल्यावर शुभदा उठली. माईकने शीळ घातली, ती दचकली, आणि बोलायला लागली.

“मंडळी, मी काय भाषनं करनारी बाई न्हाई. टाकी बांधून झाली, तिचा नारळ बी फुटला. पानी कुठं हाय? आपल्या बाया अजून वाडीच्या हिरीवर जात्यात. मी बी जाते.”

मी चोरून करमरकरांकडे पाहिलं. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं म्हणून या माणसाने या मुलीला लहानपणी पाटीवर शंभरदा लिहायला लावलं असणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग मीच त्यांच्यासारखं ऐकायला लागलो आणि माझी पंचाईत झाली. “आपुन काय मागं हटनार न्हाई,” ती म्हणाली, तेव्हा आपुन म्हणजे ती स्वतः. “आपुन चढावर टाकी बांधतो आन् पंप इसरतो,” तेव्हा आपुन म्हणजे अख्खा गाव, तिच्यासकट. दोन्ही ‘आपुन’ एकाच दमात येत होते आणि समोरच्या कोणालाच त्यात खोट वाटत नव्हती. हे कोणत्या पारड्यात टाकायचं, ते मला कळेना.

“काका,” मी हळूच म्हणालो, “हे कसं धरायचं?”

“अहो, तिचा घसा बसलाय,” करमरकर म्हणाले.

खरंच बसला होता. दारोदार फिरून आधीच गेलेला आवाज आता चिरकायला लागला होता. ती खोकली, थांबली, पुन्हा बोलायला लागली, पुन्हा खोकली. व्यासपीठावर हार होते, शाल होती, नारळ होते. पाण्यावर भाषण चाललं होतं आणि बोलणारीपुढे पाणी ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. करमरकर खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले. मग ते उठले, चहावाल्याच्या पिंपातून पेला भरून घेतला आणि भर सभेतून, दोन्ही हातांत पेला धरून, एक थेंब सांडू न देता पुढे चालत गेले.

लोकांनी वाट दिली. हा म्हातारा कोण, कोणालाच माहीत नव्हतं. व्यासपीठाची पायरी उंच होती. शुभदाचे सासरे गडबडीने उठले, “आवं पाव्हनं, हात द्या, हात द्या,” म्हणत त्यांनी करमरकरांना वर घेतलं. करमरकरांनी पेला मुलीपुढे धरला आणि त्यांचं पुढचं बोलणं माईकवरून साऱ्या पटांगणाने ऐकलं.

“आधी पाणी पी. मग काय बोलायचं ते बोल.”

मोठा हशा झाला. टाळ्याही पडल्या. शुभदा पाणी प्यायली, पेला रिकामा करून तिने त्यांच्या हातात परत दिला आणि नुसतं म्हणाली, “हे माझे आबा.” सासऱ्यांनी शेजारची खुर्ची ओढली. उरलेलं भाषण करमरकरांनी व्यासपीठावर बसून ऐकलं, रिकामा पेला मांडीवर धरून.

सभा सुटली. मी वाट काढत पुढे गेलो तेव्हा शुभदा त्यांच्यासमोर उभी होती. काकू कडेला होत्या, हाताने पदराचं टोक पिळत. शाळेत असताना ही मुलगी वक्तृत्व स्पर्धेहून आली की बापाला एक प्रश्न विचारायची, उत्तर ऐकायची आणि रात्री आईच्या कुशीत रडायची, हे काकूंनी मला मागे कधीतरी सांगितलं होतं. सातवीपासून तिने तो प्रश्न विचारणं सोडलं होतं.

“आबा,” शुभदा बसलेल्या आवाजात म्हणाली, “भाषण कसं झालं?”

करमरकरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मी मनात म्हणालो, बाबा रे, आज एवढं नको.

“घसा पार गेलाय,” ते म्हणाले. “घरात खडीसाखर आहे का?”

शुभदाला क्षणभर कळलंच नाही. मग तिने मान हलवली. “आहे.”

“मग इथे काय उभी राहिलीस? आधी घरी चल.”

आणि ते तिला मागे टाकून तरातरा चालायला लागले. गर्दीतून, देवळाला वळसा घालून, व्याह्यांना ओलांडून पुढे. आम्ही सगळे त्यांच्यामागे. देवळामागे रस्त्याला दोन फाटे फुटले होते. तिथे करमरकर एकदम थांबले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि तसेच उभे राहिले, पाठमोरे. एवढ्या वर्षांत त्यांनी मुलीचं घर कधी पाहिलंच नव्हतं.

व्याही पुढे व्हायला लागले, तर काकूंनी त्यांना हाताने थांबवलं.

“डावीकडं, आबा,” शुभदा म्हणाली आणि पुढे होऊन तिने त्यांचा हात धरला.