सिद्रामकाकांच्या घरात फिरतं काही चालत नाही

मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात कुत्रंसुद्धा गटाराकाठची सावली सोडत नाही. अशा वेळी आमच्या गल्लीत एकाच घरातला पंखा बंद असतो, आणि तो काही वीज गेल्यामुळे नव्हे. शेजारचे सिद्रामकाका उघड्या अंगाने, खांद्यावर ओला टॉवेल टाकून कॉम्प्युटरसमोर बसलेले असतात. कुणी पंख्याचं नाव काढलं की ठसक्यात म्हणतात, "पंखा लावला म्हंजे उन्हापुढं हार मानली. आपन न्हाय मानत."

काका आयुष्यभर जेकार्ड मागांसाठी चादरींवरची नक्षी काढत आले. आधी चौकटीच्या कागदावर, मग कॉम्प्युटरवर. बायको गेली, मुलगा पुण्याला असतो, पण दोन-तीन कारखानदार अजून मोर आणि वेलबुट्ट्या काकांकडूनच काढून घेतात. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान निम्मे गेले. उरलेल्या निम्म्या कानांना मात्र कसलाही आवाज खपत नाही. घरात मिक्सर नाही, टीव्ही मुका. कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, तेही बिनपंख्याचं. नुसत्या धातूच्या पट्ट्यांवर निवणारं. वीजपुरवठ्याच्या डब्यात एक पंखा आहे, तेवढ्याला माफी. "त्यो सरकारी मानूस. काढता येत न्हाय, अन् काम बी हळूच करतोय."

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला, त्यामुळे काकांच्या यंत्राची डॉक्टर मीच. खरं तर आमच्या घरून त्यांच्याकडे जायचं म्हणजे सरहद्द ओलांडायची. दोन्ही घरं एकाच भिंतीला खांदा लावून उभी आहेत. त्या भिंतीचं प्लास्टर कुणी करायचं यावरून काकांचं आणि माझ्या वडिलांचं, आप्पांचं, असं काही वाजलं की तेव्हापासून बोलणं बंद. दोघेही एकमेकांना 'पलीकडचा' म्हणतात.

गेल्या वर्षी आप्पांची उजवी बाजू लुळी पडली. सगळी गल्ली येऊन गेली, काका आले नाहीत. मला ते फार लागलं. सकाळी एक बाई येऊन आप्पांचं सगळं करून जाते, पण दुपारभर ते एकटेच पडून असतात. मी लॅबमध्ये आणि जीव घरी. काही लागलं तर काय करता, असं विचारलं की खेकसतात, "मला काय धाड भरलीय? तू जा कामाला."

या उन्हाळ्यात काकांचं कार्ड तापायला लागलं. दुपार झाली की पडद्यावर रंगीत आडवे पट्टे यायचे आणि मग सगळं जागच्या जागी गोठायचं. पहिल्यांदा पट्टे आले तेव्हा काम का अडलंय ते दाखवायला काकांनी मोबाइलने पडद्याचा फोटो काढून कारखानदाराला पाठवला. त्याचा उलट निरोप आला, "काका, मोर झकास! पट्टे तर लई भारी. हेच पायजे." फाइलमध्ये तर पट्टे नव्हतेच. मग काकांनी त्या फोटोत बघून बघून कार्डाचं आजारपण हाताने काढलं. ती चादर म्हणे चांगली खपते आहे. "बघितलंस? सोलापुरातलं कार्ड हाय. तापात बरळलं तरी चादरच बोलतंय!"

मी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं. कार्डाच्या धातूच्या पट्ट्यांच्या फटीत कापसाचं तूस गच्च बसलं होतं, ते ब्रशने काढलं. चिपवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा पट्टे हजर.

"काका, आतली गरम हवा बाहेर जायला वाटच नाही. मागे एक पंखा बसवू या. अगदी हळू फिरणारा."

"हितं फिरतं काय चालायचं न्हाय!"

त्याऐवजी त्यांनी स्वतःचे उपाय सुरू केले. डबा माठाशेजारी नेऊन ठेवला. तेवढ्याने भागेना तेव्हा त्यावर ओला टॉवेल पसरला. मी पोचले तेव्हा पाणी आत ठिबकण्याच्या बेतात होतं. मी धावत जाऊन प्लग उपटला.

"काका, शॉक लागून मराल!"

"मरतो की. पर पंख्याखाली न्हाय."

शेवटी एका दुपारी कार्डाने मान टाकली. पडदा काळा. नक्षी अर्धी राहिलेली आणि कारखानदार फोनवर फोन करतोय. पुण्याहून मुलगा म्हणाला, आता बास करा, काम बंद करा. काका माझ्यावरच उसळले, "बंद करा म्हनतोय! मी काय माग हाय व्हय, बटन दाबून बंद करायला?"

मग आम्ही दोघं स्वस्तातलं नवं कार्ड बघायला बाजारात गेलो. दुकानदाराने दोन पंख्यांचं, रंगीत दिव्यांचं जुनं गेमिंग कार्ड पुढे केलं. म्हणाला, याच पैशात ताकद किती बघा. मी म्हटलं, मोर काढायला एवढी ताकद नको, आणि जेवढी वीज खाईल तेवढं ते तापेल. कमी वीज खाणारं, साधं दाखवा. तशी दोन निघाली. एकाला इवलासा पंखा होता. दुसरं बिनपंख्याचं, जरा महाग, खोक्यावर धूळ बसलेलं. मी पंख्याचं घ्या म्हटलं.

"आधी परीक्षा," काका म्हणाले.

त्यांनी ते कार्ड दुकानातल्या कॉम्प्युटरला लावायला सांगितलं, शेजारी स्टूल ओढून बसले आणि मला प्लायवूडच्या भिंतीमागे पाठवलं. "भिंतीवर टकटक कर. हळू. अंगात जोर नसलेल्या मान्सानं केल्यासारखी."

मी केली.

"कर की गं!"

"केली की, काका."

"मग ह्ये नापास. दुसरं लावा."

दुसऱ्या वेळी मी बोट टेकवलं न टेकवलं तोच बाहेरून आवाज आला, "आलं ऐकू! बांधा ह्येच." पैसे देताना दुकानदाराने मला हळूच विचारलं, आजोबांची तब्येत बरी आहे ना? मी हसून वेळ मारून नेली.

घरी येऊन मी डबा आडवा पाडला आणि वरचं झाकण काढून टाकलं. त्यामुळे कार्ड उभं राहिलं आणि गरम हवा सरळ वर निघून जायला लागली. भर दुपारीही पट्टे आले नाहीत. काका म्हणाले, "बघ, जिंकलो."

पुढच्याच आठवड्यात उन्हामुळे कॉलेजचं दुपारचं प्रॅक्टिकल रद्द झालं आणि मी अवेळी घरी आले. कुलूप काढून आत पाऊल टाकलं तर आप्पांच्या खोलीतून टक, टक, टक. ते डाव्या हाताने भिंतीवर काठी आपटत होते. माझ्या पायातल्या चपला निघायच्या आत मागचं दार ढकलून काका आत आले, उघड्या अंगाने, धापा टाकत. मी त्यांना दिसलेच नाही. त्यांनी आप्पांना काखेत हात घालून बसतं केलं, पाठीमागे उशी लावली, पेला तोंडाशी धरला.

आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "पलीकडच्याला सांगा, पानी गार न्हाय."

काका छताकडे बघत म्हणाले, "पलीकडच्याला म्हनावं, माठ त्याचाच हाय." आणि खांद्यावरच्या ओल्या टॉवेलने आप्पांच्या हनुवटीवरचा ओघळ पुसला.

मला हुंदका आवरला नाही. काका दचकून वळले आणि चोरी पकडल्यासारखे लाल झाले.

"रडायला काय झालं?"

"काका, रोज येता?"

ते रिकामा पेला जागेवर ठेवायला वळले. मी म्हटलं, "मी घंटी आणते काका, बटण दाबायची. मोठ्याने वाजेल. मग तुम्हाला असं उकाड्यात कान लावून बसायला नको. पंखा लावता येईल."

"घंटी लावलीस तर मी यायचा न्हाय!" काका गरजले. "घंटी वाजवून बोलवायला मी काय शिपाई हाय? ह्याचं अन् माझं बोलनं हाय व्हय? त्यो माझ्या भिंतीला काठी मारतोय, म्हनून बघायला येतोय मी. प्लास्टर माझ्या पैशाचं हाय!"

आप्पांच्या तोंडाची डावी बाजू हसली. काका तणतणत मागच्या दाराने निघून गेले.

घंटी मी आणली नाही.